इंग्लंडच्या शाळेत सराव पाठ घ्यायला जाताना

दर ऑगस्टमध्ये मी सांगलीला आले की ओळखीतलं कुणीतरी भाचीला नाहीतर शेजारच्या मुलाला घेऊन घरी येतं. एम.एस्सी. झालंय, इंग्लंडात पीजीसीईला, म्हणजे तिथल्या शिक्षक होण्याच्या कोर्सला, प्रवेश मिळालाय, आता शाळेत पाठ घ्यायला लावतात म्हणे, तयारी काय करायची? ऑगस्टमध्ये विचारून अर्धी वेळ गेलेली असते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी तिकडे फिजिक्स शिकवते, त्यामुळे उदाहरणं त्यातलीच येतील. आणि हे फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

आधी एक तपासा. तुमचं इथलं बी.एड. झालं असेल आणि ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायचा अनुभव असेल, तर कदाचित या वाटेला जायचीच गरज नाही. २०२३ पासून भारतातल्या अशा शिक्षकांना क्यूटीएससाठी, म्हणजे तिथली शिक्षक म्हणून मान्यता मिळवायला, थेट अर्ज करता येतो. लाखांची फी वाचते. अटी बदलत असतात, त्या ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

पीजीसीई करायचंच ठरलं, तर त्याचा आकार लक्षात घ्या. आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासिता २० आठवड्यांची. तिथे साधारण एका शैक्षणिक वर्षात किमान १२० दिवस शाळेत काढायचे, तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत. म्हणजे प्रवेश विद्यापीठात असला तरी मुक्काम शाळेतच. आणि या दिवसांचा पगार बहुतेकांना मिळत नाही, उलट फी आपणच भरलेली असते.

आता कागद. मुलांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची तिथे पोलीस पडताळणी होते, तिला डीबीएस म्हणतात. त्यात मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते आणि आजवर वापरलेली सगळी नावं द्यावी लागतात. इथे आपली माणसं अडकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर स्पेलिंग तिसरंच, आणि लग्न झालेल्या मुलीचं अर्धं आयुष्य माहेरच्या नावाने. सगळ्या कागदांवर कुठे काय लिहिलंय त्याची एक यादी करा आणि प्रत्येक अर्जात तीच नावं, त्याच स्पेलिंगने भरा. पत्त्याचंही तसंच. 'गणपती मंदिराच्या मागे, विश्रामबाग' असा पत्ता पोस्टमनला कळतो, तिथल्या संगणकाला नाही. पुण्यात होस्टेलला राहिलात, नंतर मिरजेत मामाकडे राहिलात, तर तारखांसकट आठवून ठेवा. मधे महिनाभराचं भगदाड दिसलं की विचारणा होते.

डीबीएस फक्त तिथलं बघतं, म्हणून विद्यापीठ भारतातलं पोलीस क्लिअरन्सही मागतं. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून करायचा. आपला जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून फोन येईल तेव्हा घरी कुणीतरी कागद घेऊन हजर हवं. व्हिसासाठी टीबीची तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरचं पत्र चालत नाही. तो दाखला सहा महिनेच टिकतो, म्हणून फार आधीही करू नका. बँकेत दाखवायचे पैसे सलग २८ दिवस हलवायचे नाहीत. बाबांना हे दोनदा सांगा, नाहीतर मधेच कुणाला तरी उसने दिले जातात. डीबीएसचा कागद पोस्टाने तुमच्याच पत्त्यावर येतो, विद्यापीठाकडे जात नाही. तो मूळ कागद सांभाळून ठेवा, शाळा बघायला मागते.

शाळा तुम्ही निवडत नाही, विद्यापीठ देतं. दोन बस बदलून सव्वा तासावरची मिळू शकते. इस्लामपूरहून रोज एसटीने सांगलीला कॉलेज केलेल्यांना याचं काही वाटत नाही, पण तिथे डिसेंबरमध्ये सकाळी निघताना अंधार आणि चारच्या सुमारास परत अंधार. म्हणून घर भाड्याने घेताना विद्यापीठापासूनचं अंतर मोजण्यापेक्षा मोठ्या बसस्टॉपपासूनचं मोजा. रविवारी एकदा तो प्रवास करून बघितलात, तरी सोमवारी सकाळच्या बस किती असतात ते वेगळं तपासा.

पहिल्या दिवशी पासपोर्ट, डीबीएस आणि पुढून बंद असलेले काळे बूट. कपडे नीटनेटके हवेत. पंजाबी ड्रेस चालतो का ते आधी ईमेलने विचारा, आणि प्रयोगशाळेत ओढणीची टोकं बांधलेली हवीत. मुलांच्या सुरक्षिततेवर सरकारची एक पुस्तिका आहे, तिचा पहिला भाग वाचल्याशिवाय वर्गात पाऊल नाही. ते गंभीरपणे घ्या. शाळेत या विषयाची जबाबदारी एका ठरलेल्या व्यक्तीकडे असते. तिचं नाव आणि खोली पहिल्याच दिवशी लिहून घ्या. एखादं मूल म्हणालं, 'मिस, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते,' तर तसं वचन द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, जसंच्या तसं लिहायचं आणि त्या व्यक्तीकडे जायचं.

आपल्याकडे वर्गशिक्षिकेचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि गॅदरिंगचे फोटो स्टेटसला लागतात. तिथे मुलांचा फोटो स्वतःच्या फोनवर काढणंसुद्धा महागात पडेल. खाऊचंही तसंच. सांगलीचं भडंग प्रेमाने नेलंत, त्यात शेंगदाणे, आणि बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला पूर्ण बंदी असते. वर्गात तर नकोच, स्टाफरूममध्येही विचारून.

पहिले दोन आठवडे बहुतेक निरीक्षणाचे. इथून गेलेल्या हुशार मुलांना हाच काळ वाया गेल्यासारखा वाटतो, कारण विषय त्यांना येत असतो. विषय अडवत नाही. वर्ग कसा चालतो ते अडवतं. आपल्याकडे बाई वर्गात आल्या की पोरं उभी राहतात आणि शांतता आपोआप मिळते. तिथे शिक्षक दारात उभा असतो. एक पाय वर्गात, एक व्हरांड्यात. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो, एकाला शर्ट खोचायला सांगतो, दुसऱ्याचा च्युइंगम कचऱ्यात टाकायला लावतो. आत फळ्यावर चार प्रश्न आधीच झळकत असतात आणि मुलं बसल्या बसल्या ते सोडवायला लागतात. मग हजेरी. हे सगळं सहज घडल्यासारखं दिसतं. तुम्ही मात्र वहीत लिहा: दार कधी उघडलं, प्रश्न आधी विचारला की नाव आधी घेतलं, शांत करायला काय म्हटलं, दुसऱ्यांदा काय म्हटलं, तिसऱ्यांदा काय केलं. शाळेचं वर्तणुकीचं धोरण छापील असतं, त्यातली इशाऱ्यांची पायरी शब्दशः पाठ करा. तुमची वेगळी पद्धत काढलीत तर मुलं लगेच ओळखतात की हे पाहुणे आहेत.

एकदम अख्खा तास घेऊ नका. सुरुवातीचे दहा मिनिटं मागा, मग शेवटचे, मग मधला प्रयोग, मग पूर्ण तास. तास ५० ते ६० मिनिटांचा असतो, आपल्या ३५ मिनिटांच्या तासिकेचं टाचण त्याला पुरत नाही. आणि टाचणात आपण बाई काय करतील ते लिहितो, तिथे मेंटॉर, म्हणजे शाळेत तुम्हाला मार्गदर्शन करणारी शिक्षिका, विचारते की त्या वेळी मागच्या बाकावरचा मुलगा काय करत असेल.

प्रयोगाचं टाचण दोनदा लिहावं लागतं, एकदा मेंटॉरसाठी आणि एकदा लॅब टेक्निशियनसाठी. समजा तारेची लांबी आणि रोध यांचा प्रयोग आहे. टेक्निशियनला कागद काही दिवस आधी हवा: किती गट, कोणती तार, किती लांब, प्रत्येक गटाला किती क्रोकोडाइल क्लिप, वीजपुरवठा किती व्होल्टला. तार तापली की रोध बदलतो आणि बोटंही भाजतात, म्हणून व्होल्टेज कमी ठेवायचं आणि दोन मोजण्यांच्या मधे वीज बंद करायची, हे जोखमीच्या रकान्यात लिहायचं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तो प्रयोग स्वतः करून बघा, टेक्निशियनच्या समोर. कोणत्या ॲमीटरचा फ्यूज उडालाय आणि कोणत्या वर्गाला काचेची वस्तू द्यायची नाही, हे शाळेत त्यांना सगळ्यात आधी माहीत असतं. चहाला त्यांच्याबरोबर बसा.

मेंटॉरबरोबर आठवड्याला ठरलेली बैठक असते. ती स्वतःला पहिल्या नावाने हाक मारायला सांगेल. आपल्याला जीभ रेटत नाही, पण मारा. मुलांसमोर मात्र मिस अमुक, मिस्टर तमुक. 'पुढच्या वेळी असं करून बघता येईल' असं ती हळू आवाजात म्हणाली, तरी ते करायलाच हवं असं समजा. जमत नसेल किंवा तिच्याशी पटत नसेल, तर विद्यापीठातल्या ट्यूटरला लवकर सांगा. अहवालात उतरल्यावर सांगून फार काही बदलत नाही.

सुट्ट्यांचं गणित निघण्याआधी घरी मांडा. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू, म्हणजे गणपती बहुधा हुकणार. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी मिळते, दिवाळी त्यात पडली तर नशीब. नाताळात दोन आठवडे. मधे रजा काढली तर ते दिवस १२० मध्ये भरून द्यावे लागू शकतात. कोर्स जूनपर्यंत चालतो, तेव्हा मे महिन्यातला मुहूर्त धरून बसलेल्या आत्याला आत्ताच फोन करा.