कुशिरोला निघताय? आधी आरटीओ, मग बॅग

जपानमधल्या होक्काइदो बेटाच्या पूर्वेला, समुद्राकाठच्या कुशिरो शहरात ऐन थंडीत तांचो, म्हणजे लाल टोपीचे क्रौंच बघायला जायचं ठरलं की पहिलं काम आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचं. स्वेटर नंतर. हा परवाना आपल्याच आरटीओतून, निघायच्या आधीच काढावा लागतो. तिकडे पोचल्यावर मिळत नाही. अर्ज सारथी पोर्टलवर करता येतो. मागच्या वेळी मी नेहमीचं लायसन्स घेऊन ऐटीत गाडीच्या काउंटरवर उभा राहिलो. तिथल्या मुलीनं चार वेळा वाकून माफी मागितली, पण किल्ली काही दिली नाही.

एवढं काय बिघडलं? सगळंच. क्रौंच रात्री सेत्सुरी नदीच्या उथळ पाण्यात उभे असतात, कारण ते पाणी गोठत नाही. कडाक्याच्या थंडीत पहाटे त्यातून वाफ उठते आणि काठची झाडं हिमकणांनी पांढरी होतात. हे दिसतं कुशिरोजवळच्या त्सुरुई गावच्या ओतोवा पुलावरून, उजाडताना. गावात जाणाऱ्या बस मोजक्याच. मी बसनं पोचलो तोवर वाफ विरलेली आणि कॅमेऱ्यांच्या तिवया आवरून लोक कॉफी पीत बसलेले. म्हणून पुन्हा सांगतो, परवाना. मूळ कागद. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, स्टिअरिंगही उजवीकडे. पण रस्त्यावर बर्फ असतो आणि संध्याकाळी हरणं आडवी येतात. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे परतायची वेळ आधीच ठरवा. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली, हा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

कपडे थरांचे. उणे वीसपर्यंत पारा उतरू शकतो. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, नाहीतर बघता बघता संपतात. बुटांना लावायचे काटे तिकडेच घ्या. फोटोसाठी कुणाच्या शेतात घुसू नका. हे क्रौंच जपानातून नामशेष झाले असंच धरलं होतं. १९२४ साली कुशिरोच्या दलदलीत मूठभर सापडले. हिवाळ्यात गावकऱ्यांनी मका घालून जगवले, आज हजारावर आहेत. तेव्हा त्या शेतांचा मान ठेवा.

उन्हाळ्यात जाणार असाल तर क्रौंच दलदलीत पांगलेले असतात. तेव्हा दलदलीच्या कडेनं जाणारी रेल्वे आणि होसोओकाची दलदल न्याहाळायची जागा बघा, धुक्यासाठी जाकीट ठेवा. परवाना तरीही काढाच.

जेवण: कुशिरोच्या वाशो बाजारात भाताच्या वाडग्यावर हवे ते मासे रचून घ्या. शाकाहाऱ्यांनी थालीपिठाची भाजणी न्यावी, सूपसुद्धा माशाचंच असतं.

होक्काइदोची राजधानी साप्पोरोहून कुशिरोला ओझोरा रेल्वेगाडीनं चारेक तास. प्लग दोन चपट्या पिनांचा. विमा, औषधं नेहमीची.

परवाना हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या नाही.