व्हीसेंटर सर्व्हरला पॅच कसा लावावा आणि त्यातले काय स्वयंचलित करावे

पुण्यातल्या ज्या कारखान्यांत आणि कार्यालयांत व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरची मांडणी आहे, तिथे ईआरपी, हजेरी, डिझाइनच्या फाइली, मालाच्या गेटपासची नोंद असे जवळजवळ सगळे काम व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या संगणकांवर, चालते आणि त्या सगळ्या मशीनच्या किल्ल्यांचा जुडगा एकाच व्यवस्थापकाच्या कमरेला असतो. तो व्यवस्थापक म्हणजे व्हीसेंटर सर्व्हर. तरीही विंडोजचे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, दर महिन्याला लागतात, होस्टचे (ज्या खऱ्या सर्व्हरवर ही मशीन चालतात त्यांचे) अधूनमधून लागतात आणि व्हीसेंटर मात्र ‘चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा’ या विचाराने वर्षानुवर्षे तसाच राहतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत हे काम अनेक वर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की, पॅचच्या क्रमात व्हीसेंटर पहिला असावा आणि त्याच्या कामाचे स्वयंचलन करायचे तर पॅच बसवण्यापासून नव्हे, तर तपासणीपासून सुरू करावे.

पहिला क्रम देण्याचे कारण इतिहासातच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२१-२१९७२ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटीचा नोंदणी क्रमांक) ही त्रुटी व्हीसेंटरच्या एका प्लगइनमध्ये होती आणि तिची तीव्रता १० पैकी ९.८ होती, त्याच वर्षी मे महिन्यात व्हीसॅन या स्टोरेज-सुविधेच्या आरोग्य-तपासणी प्लगइनमध्ये तितक्याच तीव्रतेची दुसरी त्रुटी सापडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या सीव्हीई-२०२३-३४०४८ बद्दल मँडियंट या सुरक्षा संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले की, हल्लेखोर तिचा वापर २०२१ च्या अखेरीपासून करत होते. होस्टच्या बाजूचे उदाहरण आणखी बोलके आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले होस्ट कुलूपबंद केले, तेव्हा होस्टवरच्या ओपनएसएलपी या सेवेतल्या ज्या त्रुटीकडे बोट दाखवले गेले, तिचा पॅच दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध झालेला होता.

कामाला हात घालण्यापूर्वी

आपल्या व्हीसेंटरची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक (त्या आवृत्तीच्या नेमक्या प्रतीचा क्रमांक) दोन्ही लिहून घ्यावेत. नुसते ‘आमच्याकडे आठ आहे’ एवढे पुरत नाही, कारण सुरक्षा-सूचनेत दुरुस्ती कोणत्या अपडेटमध्ये आली हे अपडेटच्या क्रमांकामागच्या अक्षरासह दिलेले असते आणि निर्णय त्या अक्षरावर ठरतो. ७.० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून त्या आवृत्तीवर असलेल्यांनी पॅचऐवजी आवृत्ती बदलण्याचेच नियोजन करावे. ७.० चा खूप अलीकडचा पॅच लावलेला असेल, तर त्याच्या आधी प्रसिद्ध झालेल्या ८.० च्या बिल्डवर जाता येत नाही, ही अडचणही तेव्हाच पाहून ठेवावी. पॅच डाउनलोड करण्याची पद्धत व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमने २०२५ मध्ये बदलली असून ग्राहकाच्या नावाचा टोकन (ओळखीचा संकेत) डाउनलोडच्या पत्त्यात घालावा लागतो. जुना पत्ता तसाच ठेवला असेल, तर ‘अपडेट उपलब्ध नाही’ हे वाक्य खरे मानू नये. फाइल हाताने उतरवून घेतली, तर तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तपासणी-आकडा) संकेतस्थळावरच्या चेकसमशी जुळवून पाहावा.

बॅकअपचे सॉफ्टवेअर आणि स्टोरेजचे प्लगइन नव्या बिल्डशी जुळतात की नाही, हे त्या त्या कंपनीच्या सुसंगतता-तक्त्यात पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पॅचनंतरच्या सकाळी बॅकअपच झाला नाही असे कळण्यापेक्षा तो अर्धा तास स्वस्त पडतो.

वेळ ठरवताना पुण्याचा गुरुवार विसरू नये. भोसरी, चिंचवड भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बुधवारची रात्र सोयीची वाटते; मात्र महावितरणची देखभाल-दुरुस्तीही गुरुवारीच असते आणि पॅच अर्ध्यात असताना यूपीएसवर येणे हा नको असलेला प्रसंग आहे. म्हणून मी काम बुधवारी रात्री दहाला सुरू करतो आणि पहाटे चारच्या आत संपेल इतकेच हाती घेतो. अनंत चतुर्दशीच्या आधीचा आणि नंतरचा दिवस मी कधीच घेत नाही, कारण मध्यवर्ती पेठांत राहणाऱ्या सहकाऱ्याला विसर्जन मिरवणुकीच्या काळात सर्व्हर रूमपर्यंत पोहोचणे अवघड असते.

व्हीसेंटर बंद असताना नेमके काय थांबते, हे उत्पादन विभागाला आधीच समजावून सांगावे. व्हर्च्युअल मशीन चालूच राहतात आणि एखादा होस्ट पडला, तर त्यावरची मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू करणारी हाय अव्हेलेबिलिटीही काम करते, कारण तिचा एजंट होस्टवरच असतो. थांबतात ती डीआरएसची होस्टांमधली आपोआप भारवाटणी, व्हीमोशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणे), नवी मशीन बनवणे आणि व्हीसेंटरमार्फत चालणारे बॅकअप. हे नीट सांगितले, तर देखभालीची वेळ मागताना होणारा निम्मा वाद होत नाही.

परतीची वाट

आपण सर्वाधिक वेळ द्यावा, अशी ही पायरी आहे. व्हीसेंटरच्या व्यवस्थापन पानावरून, म्हणजे ५४८० या पोर्टवरून, फाइल-आधारित बॅकअप घ्यावा आणि तो व्हीसेंटर ज्या स्टोरेजवर चालतो त्याच्या बाहेर ठेवावा. काही वर्षांपूर्वी एका कामात माझ्यावर हा बॅकअप परत बसवण्याची वेळ आली. तो महिनोन्‌महिने रोज ‘यशस्वी’ दाखवत होता. परंतु तो कूटबद्ध करताना दिलेला पासवर्ड, काम सोडून गेलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाच माहीत नव्हता, आणि ज्या बिल्डचा बॅकअप होता त्याच बिल्डची आयएसओ फाइल परत बसवण्यासाठी लागते, तीही कोणी जपून ठेवली नव्हती. त्या रात्रीनंतर मी नियम केला की, पॅच लावण्यापूर्वी चालू बिल्डची आयएसओ फाइल आणि कूटबद्धीकरणाचा पासवर्ड या दोन्ही गोष्टी दोन माणसांच्या ताब्यात असल्याची खात्री चेंज रिक्वेस्टमध्येच (बदलाच्या मागणीपत्रातच) नोंदवायची.

बॅकअपच्या जोडीला स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्यावा, कारण परत फिरण्याचा तो सर्वांत जलद मार्ग आहे. एकापेक्षा अधिक व्हीसेंटर एन्हान्स्ड लिंक्ड मोडने (एकमेकांची माहिती वाटून घेणाऱ्या पद्धतीने) जोडलेले असतील, तर ते सर्व एकाच वेळी बंद करून प्रत्येकाचा स्नॅपशॉट घ्यावा लागतो. एकटाच मागे नेल्यास त्यांच्यातली प्रतिकृती विसंगत होते आणि ती दुरुस्त करणे पॅच लावण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. व्हीसेंटरचे मशीन त्या क्षणी कोणत्या होस्टवर आहे, हे त्या होस्टच्या पत्त्यासह कागदावर लिहून ठेवावे. व्हीसेंटर उठला नाही, तर थेट त्या होस्टवर लॉगिन करावे लागते, आणि तो कोणता हे सांगणारा व्हीसेंटरच तेव्हा बंद असतो. डिस्ट्रिब्यूटेड स्विच (व्हीसेंटरमधून सांभाळला जाणारा, अनेक होस्टांचा सामाईक नेटवर्क-स्विच) वापरत असाल, तर इफेमेरल पद्धतीचा, म्हणजे व्हीसेंटरविना जोडणी देणारा, एक पोर्टग्रुप आधीच बनवून ठेवावा, म्हणजे परत बसवलेल्या व्हीसेंटरला नेटवर्कशी जोडण्यासाठी बंद व्हीसेंटरचीच परवानगी लागणार नाही.

नंतर प्रकृती पाहावी. सगळ्या सेवा चालू आहेत का, डिस्कच्या विभागांत जागा आहे का, डीएनएसमध्ये नाव आणि पत्ता दोन्ही दिशांनी जुळतात का, घड्याळ बरोबर आहे का, प्रमाणपत्रांची मुदत किती उरली आहे, हे तपासावे. रूट खात्याचा पासवर्ड मूळ मांडणीत ९० दिवसांनी कालबाह्य होतो आणि हे लक्षात येते ते नेमके रात्री अकरा वाजता, म्हणून तो आदल्या दिवशीच तपासावा.

पॅच लावणे

प्रत्यक्ष पायरी त्या मानाने लहान आहे. व्यवस्थापन पानावरच्या अपडेट विभागात पॅच निवडून आधी तो फक्त स्टेज करावा, म्हणजे उतरवून तयार ठेवावा, पूर्वतपासणी चालवावी आणि देखभालीची वेळ सुरू झाल्यावरच इन्स्टॉल करावा. मध्येच पान प्रतिसाद देईनासे होते, टक्केवारी अडकल्यासारखी दिसते. अशा वेळी मशीन रीसेट करण्याचा मोह आवरावा आणि कन्सोलवरून सॉफ्टवेअर-पॅकेजेस नावाचा लॉग वाचावा. त्यात ओळी पुढे सरकत असतील, तर काम चालू आहे. ८.० अपडेट २ पासून ‘रिड्यूस्ड डाउनटाइम’ ही पद्धतही मिळते. तिच्यात नवे अप्लायन्स शेजारी उभे राहते, माहिती तिकडे नेली जाते आणि शेवटी थोड्या वेळात अदलाबदल होते. त्यासाठी तात्पुरता आयपी पत्ता आणि पुरेशी जागा लागते.

पॅच बसल्यावर बिल्ड क्रमांक वाचावा, सर्व होस्ट जोडलेले दिसतात का ते पाहावे, एखादे बिनमहत्त्वाचे मशीन व्हीमोशनने हलवून पाहावे आणि बॅकअपचे काम हाताने एकदा चालवावे. सगळे ठीक असेल, तर स्नॅपशॉट ७२ तासांच्या आत काढून टाकावा. तो विसरला गेला, तर स्टोरेज भरत जाते.

होस्टचे पॅच व्हीसेंटरनंतर, त्यातल्याच लाइफसायकल मॅनेजर या सुविधेतून, एकेक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (त्यावरची मशीन इतरत्र हलवून) नेऊन लावावेत. इथे काम अडते ते बहुतेक वेळा जोडून ठेवलेल्या आयएसओ फाइलमुळे, यूएसबी डोंगलमुळे किंवा ‘ही दोन मशीन एकत्र नकोत’ अशा नियमामुळे. जुन्या मशीनिंग सॉफ्टवेअरचे लायसन्स डोंगल असलेल्या कारखान्यांत तर हे ठरलेलेच. एक होस्ट बाजूला काढल्यावर उरलेल्यांना सगळा भार पेलतो की नाही, हे आधी मोजावे.

स्वयंचलन कुठून सुरू करावे

पॉवरसीएलआय, अ‍ॅन्सिबल किंवा व्हीसेंटरची स्वतःची रेस्ट एपीआय, यांपैकी ज्याची सवय असेल ते साधन घ्यावे. पहिल्या स्क्रिप्टने काहीही बदलू नये. तिने रोज सकाळी आवृत्ती आणि बिल्ड, शेवटच्या यशस्वी बॅकअपचे वय, स्नॅपशॉटचे वय, प्रमाणपत्रांची आणि रूट पासवर्डची उरलेली मुदत, डिस्कची जागा एवढेच वाचून पाठवावे, आणि तिच्या खात्याला वाचण्यापुरतेच अधिकार असावेत. या एका स्क्रिप्टने माझी जितकी धावपळ वाचवली, तितकी पॅच बसवणाऱ्या स्क्रिप्टने वाचवलेली नाही.

या स्क्रिप्टने ‘पॅच लागला का’ असे विचारू नये. ‘चालू बिल्ड क्रमांक सूचनेतल्या दुरुस्त बिल्डइतका किंवा त्याहून मोठा आहे का’ असे विचारावे. हा भेद शब्दच्छल नाही. सीव्हीई-२०२४-३८८१२ या त्रुटीचा पॅच १७ सप्टेंबर २०२४ रोजी आला, आणि तो अपुरा ठरल्याने २१ ऑक्टोबरला नवे पॅच जाहीर करावे लागले. ज्यांनी सप्टेंबरातच ‘झाले’ अशी खूण केली, त्यांच्या तक्त्यात सगळे हिरवे दिसत होते आणि सर्व्हर मात्र उघडाच होता. दुरुस्त बिल्डचा क्रमांक एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रत्येक नव्या सूचनेनंतर माणसाने तो बदलावा.

दुसऱ्या टप्प्यात पूर्वतयारी स्क्रिप्टकडे द्यावी: बॅकअप घेणे, तो पूर्ण होईपर्यंत थांबणे, पॅच स्टेज करणे. यातली एकही तपासणी चुकली, तर स्क्रिप्टने पुढे न जाता तिथेच थांबून निरोप पाठवावा; पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहणारी स्क्रिप्ट रात्री तीन वाजता धोकादायक असते. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नयेत, ते व्हॉल्टमधून (पासवर्ड जपणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) घ्यावेत, आणि एकाच वेळी दोन जणांनी ती चालवली तर दुसरी सुरूच होणार नाही अशी खूणफाइल असावी. होस्टचे पॅच तिसऱ्या टप्प्यात, आधी चाचणीच्या क्लस्टरवर (होस्टांच्या गटावर) आणि एक आठवड्याने उत्पादनाच्या क्लस्टरवर, पहिला होस्ट अपयशी ठरताच थांबण्याच्या अटीसह स्वयंचलित करता येतात. व्हीसेंटरवर इन्स्टॉलची आज्ञा मात्र मी आजही माणसाकडेच ठेवतो, कारण परतीची वाट खरोखर उघडी आहे का, याचा निर्णय त्या क्षणी कोणीतरी जबाबदारीने घ्यावा लागतो.

या सगळ्याचे लॉग व्हीसेंटरबाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवर (लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर) जावेत, कारण जुना बॅकअप परत बसवला, तर त्यानंतरचे आतले लॉग जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावी लागतात आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते; ज्याच्याकडे नेमक्या वेळेचे लॉग नाहीत, त्याला त्या ६ तासांत काय कळवावे हेच उमगत नाही.

दर तिमाहीला एकदा बॅकअप परत बसवून पाहावा. तो पूर्णपणे वेगळ्या नेटवर्कवर बसवावा, कारण त्याच ओळखीचा दुसरा व्हीसेंटर खऱ्या होस्टपर्यंत पोहोचला, तर गोंधळ होतो. सुरुवातीपासून लॉगिन होईपर्यंत किती मिनिटे लागली, ते घड्याळ लावून मोजावे आणि पुढच्या चेंज रिक्वेस्टच्या रोलबॅकच्या रकान्यात अंदाजाऐवजी तोच आकडा लिहावा.