जोडीदाराच्या हाती गाडी सोपवताना

आमच्या गाडीच्या मागच्या दारावर, चाकाच्या कमानीच्या जरा अलीकडे, वीतभर लांबीचा एक आडवा चरा आहे. नवऱ्याने पहिल्यांदा एकट्याने गाडी नेली त्या दिवसाचा तो चरा. त्याने लगेच फोन करून सांगितले, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो "गाडीला किती लागलंय?" असा. दोन महिन्यांनी त्याच्याच हातून पुढचे चाक रस्त्याच्या दगडी कडेवर आदळले आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर अंगठ्याच्या पेराएवढा फुगा आला. ती गोष्ट मात्र त्याने मला सांगितली नाही; हवा भरायला गेले तेव्हा तिथल्या माणसाने तो फुगा दाखवला. चरा निरुपद्रवी होता आणि फुगा जिवावर बेतू शकला असता, पण माझ्या एका प्रश्नामुळे निरुपद्रवी गोष्ट मला कळली आणि धोक्याची लपून राहिली. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे या दोन प्रसंगांतून शिकलेले आहे.

किल्ली देण्याआधीची पहिली गोष्ट कागदाची, आणि ती थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. विम्याचा करार काढून त्यात गाडी कोणी चालवलेली चालते ते वाचावे. काही करारांत वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती चालते, काहींत ठरावीक नावेच चालतात, तर काही विमा कंपन्या घरातल्या प्रत्येक चालकाचे नाव आधी कळवावे अशी अट घालतात. लग्नाचे नाते म्हणजे आपोआप संरक्षण, असे गृहीत धरू नये. जोडीदाराचा परवाना त्या प्रकारच्या गाडीसाठी चालतो का, हेही पाहावे. अनेक देशांत स्वयंचलित गिअरच्या गाडीवर परीक्षा दिलेल्याला हाती गिअर टाकायची गाडी चालवता येत नाही.

दुसरी गोष्ट बसण्याची. एकाच गाडीत दोन वेगळ्या उंचीची माणसे आलटून पालटून बसू लागली की आधीच्या माणसाचे आरसे नंतरच्याला आकाश तरी दाखवतात नाही तर रस्ता. निघण्यापूर्वी गाडी उभी असतानाच आसन असे सरकवावे की क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील आणि छातीचे हाड स्टिअरिंगच्या मध्यापासून निदान 25 सेंटिमीटर दूर असेल, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. डोके टेकण्याच्या उशीचा वरचा काठ साधारण डोक्याच्या माथ्याशी आला पाहिजे. बाजूचे आरसे लावताना बहुतेकांना त्यात आपल्याच गाडीचा मोठा भाग पाहायची सवय असते, आणि मग शेजारच्या पट्ट्यातली गाडी दिसतच नाही. त्यापेक्षा डोके खिडकीच्या काचेपाशी नेऊन, आपली गाडी कडेला जेमतेम दिसेल इतका तो आरसा बाहेर वळवावा. दुसऱ्या बाजूच्या आरशासाठी डोके तेवढेच गाडीच्या मध्याकडे न्यावे. "माझं सीट का हलवलंस?" या तक्रारीला काही अर्थ नाही. जो बसेल त्याने आपले आपण लावून घ्यावे, एवढा एकच नियम ठेवला की वाद उरत नाही.

यानंतर येते ती खरी देवाणघेवाण, आणि नेमकी तीच आपण करत नाही. रोज गाडी चालवणाऱ्याच्या हातापायांना त्या गाडीच्या कितीतरी खोडी ठाऊक असतात, आणि त्या ठाऊक आहेत हेही तो विसरून गेलेला असतो. क्लच अगदी वर आल्यावर पकडतो की खालीच पकडतो, ब्रेक हलक्या पायाने लागतात की जोर द्यावा लागतो, हँडब्रेक हाताने ओढायचा की बटणाचा आहे, रिव्हर्स टाकताना दांडा आधी दाबावा लागतो की त्याखालची कडी उचलावी लागते, बॉनेट पुढे किती उतरते, या गोष्टी पाच मिनिटांत बोलून दाखवता येतात. इंधन कोणते हे मोठ्याने सांगावे, जरी ते झाकणाच्या आत लिहिलेले असले तरी. चुकून भलतेच इंधन भरले गेले, तर गाडी सुरू करू नये आणि किल्ली फिरवून नुसते दिवेही लावू नयेत, कारण तेवढ्यानेही इंधनाचा पंप चालू होऊ शकतो. टाकी रिकामी करून घेणे हे इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते बऱ्याच गाड्यांत इंधनाच्या काट्याजवळचा छोटा बाण दाखवतो, आणि वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत जोडप्यांसाठी एक खास सापळा असतो. मी एकदा नवऱ्याला स्टिअरिंगवर बसवून स्वतः कामाच्या ठिकाणी उतरले, आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिली. चालू इंजिन किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही, आणि ते सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. गाडी फक्त थोडा वेळ पिंपिं करते. त्याला तो आवाज सीटबेल्टचा वाटला. तो निम्मे अंतर गेला, पत्र टाकायला थांबला, इंजिन बंद केले आणि तिथेच अडकला. तेव्हापासून उतरणारा माणूस "किल्ली कोणाकडे?" असे विचारून दाखवतो.

नव्याने गाडी हाती घेतलेल्याकडून होणारे बहुतेक किरकोळ अपघात गाडी लावताना किंवा काढताना होतात. त्यामागे बेफिकिरीपेक्षा भूमितीचा भाग अधिक असतो. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून जवळची वाट काढतात. म्हणून पुढचे टोक खांबाला चुकवून गेले तरी मागचे दार त्याच खांबावर घासते. मागे जाताना याच्या उलट घडते: शेपूट वळते तसे नाक बाहेरच्या बाजूला फेकले जाते, आणि सगळे लक्ष मागे असल्यामुळे पुढच्या बंपरचा कोपरा शेजारच्या गाडीला लागतो. त्यामुळे खूण कुठे पडली आहे ते पाहून चूक कोणती झाली ते बऱ्याचदा सांगता येते. मागच्या दारावर किंवा मागच्या चाकाच्या कमानीवर ओरखडा असेल, तर स्टिअरिंग लवकर वळवले गेले. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर असेल, तर मागे येताना नाक विसरले. मागच्या बंपरच्या मधोमध असेल, तर अंतराचा अंदाज चुकला. आमच्या दारावरचा चरा पहिल्या जातीचा आहे, आणि हे मला तेव्हा ठाऊक असते तर "किती लागलंय?" ऐवजी काही उपयोगाचे बोलता आले असते.

यावर सरावाची जी पद्धत आम्हाला सर्वांत उपयोगी पडली ती सोपी आहे. मोकळ्या जागेत बंपरच्या उंचीची दोन रिकामी खोकी ठेवावीत. चालवणाऱ्याने खोक्याच्या दिशेने अगदी सावकाश जावे, आता टेकणार असे वाटले की थांबावे, आणि उतरून अंतर स्वतः बघावे. पहिल्या वेळी नवरा थांबला तेव्हा बंपर आणि खोके यांच्यामध्ये मी आरामात उभी राहू शकत होते. दहाव्या वेळी अंतर दोन वितींवर आले. डोळ्यांना दिसणारे आणि खरोखर असलेले अंतर यांचा मेळ असा उतरून पाहिल्यानेच बसतो, शेजारी बसून "अरे, अजून ये, अजून ये" म्हटल्याने बसत नाही. ताशी 5 किलोमीटर हा वेग चालण्याचा वाटतो, पण त्या वेगातही गाडी सेकंदाला जवळजवळ 1.4 मीटर सरकते, म्हणून मागे जाताना पाय ब्रेकवरून फार दूर जाऊ नये. आणि शेजारी बसणाऱ्याने आपला उजवा पाय काल्पनिक ब्रेकवर दाबणे बंद करावे. ते चालवणाऱ्याला दिसते. (मला अजून पुरते जमलेले नाही.)

एवढे करूनही गाडी लागायची तेव्हा लागतेच. त्या वेळी काय करायचे ते आधीच बोलून ठेवलेले असावे. थांबावे, चारही इंडिकेटर लावावेत, कोणाला इजा झाली आहे का ते सर्वांत आधी पाहावे. मग दोन्ही गाड्यांची स्थिती आणि आजूबाजूचा परिसर दिसेल असे दुरून एक छायाचित्र, नंबरप्लेटचे एक आणि नुकसानीची जवळून दोन-तीन घ्यावीत. जवळून घेतलेल्या चित्रांतून गाडी कुठे उभी होती ते कधीच कळत नाही, म्हणून दुरूनचे विसरू नये. समोरच्याशी नाव, संपर्क आणि विम्याचा तपशील यांची देवाणघेवाण करावी. समोरच्या गाडीत कोणी नसेल तर मालकाला शोधावे, आणि तो सापडला नाही तर चिठ्ठी ठेवावी. तसेच निघून जाणे हा बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरतो. जागेवरच पैसे देऊन मिटवायची घाई करू नये. प्लॅस्टिकचा बंपर दाबला गेला तरी पुन्हा फुगून पहिल्यासारखा दिसतो, पण त्याच्या आतली पकड, धक्का शोषणारा भाग किंवा सेन्सर तुटलेला असू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

घरी बसलेल्याने फोनवर विचारायचे प्रश्न दोनच: "तू ठीक आहेस ना?" आणि "गाडी चालवण्यासारखी आहे का?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही ठोस गोष्टींवरून मिळते. गाडीखाली रंगीत किंवा तेलकट द्रव सांडत असेल, चाक कशाला तरी घासत असेल, स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल, किंवा टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर गाडी हलवू नये. एसीचे साधे, वासरहित पाणी ठिबकत असेल तर ते नेहमीचेच आहे. फुग्याबद्दल थोडे अधिक सांगते. टायरच्या भिंतीच्या आतले दोरे तुटले की हवा रबराला बाहेर ढकलते, आणि तोच हा फुगा. तो पंक्चरसारखा काढता येत नाही, दिवसेंदिवस वाढू शकतो आणि वेगात फुटू शकतो. टायर बदलणे हा एकच उपाय आहे, आणि त्याच वेळी चाकांचे अलाइनमेंटही तपासून घ्यावे.

ओरखड्याचे मात्र शांतपणे पाहता येते. आधी ती जागा धुवावी, कारण चरा वाटतो त्यातला बराचसा भाग कित्येकदा खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा आपल्यावर चढलेला रंग असतो, आणि तो पॉलिशने निघून जातो. मग नख आडवे फिरवावे. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडीचे असतात, म्हणजे केसाच्या एक-दोन पदरांएवढे, आणि वरचा पारदर्शक थर त्यातला तिसरा हिस्सा असतो. नख अडकले नाही तर चरा त्या वरच्या थरातच असण्याची शक्यता मोठी, आणि घासून तो बराच मंदावतो. नख अडकले आणि आत पांढुरके किंवा करडे अस्तर दिसले तर रंगाचा हात द्यावा लागतो; रंगाचा क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. चकाकता पत्रा दिसत असेल तर दिरंगाई करू नये, कारण तिथे गंज धरतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे त्याला गंजाची भीती नाही, आणि त्याचा उथळ पोचा कडकडीत गरम पाणी ओतून आतून दाबल्यास कधीकधी निघतोही. पत्र्याच्या पोच्यावर हा प्रयोग करू नये. हाताने दाबून पत्रा दुमडला की मिस्त्रीचे काम वाढते.

विम्याचा दावा करायचा का, हे नुकसान पाहून ठरवावे, रागाने नव्हे. दुरुस्तीच्या अंदाजातून आपण स्वतः भरायची ठरावीक रक्कम वजा करावी आणि दावा नसल्याबद्दल मिळणारी सवलत गेल्यावर पुढच्या वर्षांत किती जास्त हप्ता बसेल ते त्याच्याशी ताडून पाहावे. किरकोळ चऱ्यात बहुधा दावा न करणेच परवडते. दुसऱ्याची गाडी किंवा माणूस गुंतलेला असेल तर मात्र दावा करा वा न करा, कंपनीला मुदतीत कळवावे, कारण अनेक करारांत तशी अट असते. पैसे कोणी द्यायचे हे अपघातानंतर ठरवायला बसू नये. आमच्याकडे गाडीची किरकोळ दुरुस्ती घराच्या सामाईक खर्चातून होते, मग चाक कोणाच्याही हाती असो. दंडाची पावती मात्र ज्याची त्याने भरायची. ती सहसा मालकाच्या नावे येते, त्यामुळे गाडी कोणी कधी नेली होती याची नोंद लागते.

ती नोंद आम्ही समोरच्या कप्प्यातल्या एका लहान वहीत ठेवतो. तारीख, कोण, काय जाणवले, एवढेच. "ब्रेक लावताना किरकिर", "टायरमध्ये हवा कमी", "मागचा बंपर, खांब, पुसून गेलं". ही शेवटची ओळ नवऱ्याच्या अक्षरात आहे, आणि तिच्या वरची, पुढच्या बंपरच्या कोपऱ्याची, माझ्या.