आर्थिक योजना भेदभाव मोडेल का, हे कसं तपासावं

योजनांच्या मूल्यमापनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. 'लोकांच्या हातात पैसा आला की जात, वर्ण, बाई-पुरुष हे सगळं आपोआप मागे पडेल' असं कुणी म्हटलं, की मी वाद घालत बसत नाही. योजनेचा कागद मागते आणि हातात पेन्सिल घेते.

आधी रकमेकडे बघू नका. तिजोरीतून निघालेला पैसा माणसापर्यंत पोचेस्तोवर वाटेत 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाकुणाला आहे, ते शोधा आणि अशा प्रत्येक जागेला गोल करा. शिफारस करणारा, कर्ज मंजूर करणारा, मुलाखत घेणारा. योजनेच्या मजकुरात भेदभावाचा मागमूस नसतो, तो या गोलांत बसलेला असतो.

महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेने १९४४ साली केलेला जी. आय. कायदा घ्या. शिक्षण, घर, धंदा, सगळ्यासाठी त्यात मदत होती आणि वर्णावरून कुणाला वगळलेलं नव्हतं. पण घर, धंदा, शेतीच्या कर्जाला सरकारची नुसती हमी होती. कर्ज द्यायचं की नाही, हे बँकच ठरवायची. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या पाहणीत अशी ३,२००हून जास्त कर्जं आढळली. त्यांतली कृष्णवर्णीयांना किती? २. टक्के नव्हेत, दोन कर्जं.

मग प्रत्येक गोलापाशी विचारा : इथे विनाकारण 'नाही' म्हटलं, तर म्हणणाऱ्याचं काय बिघडतं? गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९५७ साली मांडलं होतं, की भेदभाव करणारा मालक चांगली माणसं गमावतो, म्हणून खऱ्या स्पर्धेत तो मागे पडायला हवा. कागदावर हे पटतं. पण २००४ साली प्रसिद्ध झालेला बॉस्टन आणि शिकागोतला प्रयोग पाहा. सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले होते, पात्रता सारखी, फरक नावाचा. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला १५ अर्जांमागे. झालेलं नुकसान मालकाला दिसतच नाही, मग ते त्याला बोचणार कसं?

मी कुणी वेगळी आहे असं समजू नका. एका निवड समितीवर असताना आम्ही अर्जांचा एक गठ्ठा दोनदा तपासला. दुसऱ्या खेपेला नाव-पत्त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पहिल्या खेपेला एका अर्जाच्या समासात मी लिहिलं होतं, 'आत्मविश्वास कमी वाटतो.' त्या उमेदवाराला मी पाहिलेलंही नव्हतं. पट्टी लावल्यावर त्याच अर्जाला मी वरच्या पाचांत घातलं. अक्षर माझंच होतं, त्यामुळे नाकारायची सोय नव्हती.

म्हणून नावं झाका म्हणजे झालं, असं मात्र नाही. झाकलेल्या माहितीच्या जागी लोक अंदाज भरतात. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात नोकरीच्या अर्जातला 'गुन्हा नोंदला आहे का' हा रकाना काढायचा नियम आला, हेतू अगदी चांगला. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्या कंपन्यांनी तो काढला तिथे गोऱ्या अर्जदारांना मिळणारं झुकतं माप ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं.

तेव्हा सगळ्यात बरा उपाय म्हणजे गोलच पुसणं. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात गेली आणि खातं कसं वापरायचं हे तिला शिकवलं, तेव्हा बायकांचं घराबाहेरचं काम वाढलं. मजुरी तीच, फक्त वाटेतला घरातल्या पुरुषाचा हात निघाला. जो गोल पुसता येत नाही, तिथे निकष आधी लिहून घ्या आणि नकाराचं कारण लेखी मागा.

आणि तपासायला जाल तेव्हा लाभार्थ्यांची यादी शेवटी बघा, ती नेहमीच देखणी असते. आधी फेटाळलेल्या अर्जांची फाईल मागा. 'ती आम्ही ठेवत नाही' हे उत्तर मला इतक्यांदा मिळालं आहे, की माझ्या अहवालाचा पहिला परिच्छेद हल्ली त्याच वाक्याने सुरू होतो.