फाटक्या चादरीतून वहीचं कव्हर

सोलापुरी चादर मधे विरली तरी काठाकडची नक्षी बहुतेक वेळा शाबूत असते. पायपुसणं करण्याआधी तेवढा तुकडा वहीच्या कव्हरासाठी बाजूला काढा. फक्त थेट कात्री लावू नका. कापड जाड, विणकाम जॅकार्डचं (म्हणजे नक्षी विणतानाच उठवलेली), कडेचे धागे भराभर सुटतात. माझी पहिली वही अशीच झिपरी झाली. तुकडा धुऊन इस्त्री करा, उलट्या बाजूला मैद्याची घट्ट खळ लावून पातळ कागद चिकटवा, रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच कापा. खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलं तर कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, सहसा लागत नाही, पण ते विषारी आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

आत घरातल्या जुन्या खतावणीची (हिशेबाच्या वहीची) उरलेली कोरी पानं घाला, लग्नपत्रिकांच्या पाठीही चालतात. पान दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेला ते सहज वाकतं, ती घडी शिवणीला समांतर हवी, नाहीतर वही फुगते. टाकाने लिहिलेल्या पानांना पाणी किंवा ओली खळ लागू देऊ नका, शाई पसरते. घडीवर टोच्याने 5 भोकं पाडा, दोऱ्याला मेण चोळा आणि मधल्या भोकातून शिवायला घ्या.