घरच्या माणसांचा ख्रिश्चन रॉक बँड कसा सुरू करायचा

आधी नावावरून भांडू नका, आमचे त्यातच दोन रविवार गेले. १९९६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला सुरू झालेल्या स्किलेट या ख्रिश्चन रॉक बँडचं बघा, स्किलेट म्हणजे चक्क फ्राय पॅन, वेगवेगळ्या बँडमधली वेगवेगळ्या स्टाइलची पोरं एकत्र आली म्हणून पास्टरनीच हे नाव सुचवलं आणि तेच चिकटलं. त्यातले जॉन आणि कोरी कूपर नवरा-बायको आहेत, म्हणजे घरचा बँड टिकतो बरं का.

फ्लॅटमध्ये ड्रमसेट नको, काहोन घ्या, लाकडी खोक्यासारखा असतो आणि वर बसूनच वाजवायचा. आम्ही सुरुवात पिठाच्या डब्यावर केली, तिसऱ्या गाण्याला झाकण उडालं आणि बेसवाला मामा पांढराफटक.

गिटारवर जी, सी, डी आणि ई मायनर हे चार कॉर्ड बसले की पुष्कळ गाणी निघतात. मोबाइलवर मेट्रोनोम (लयीत टिकटिक करणारं ॲप) लावाच, नाहीतर पप्पा कोरसला पळत सुटतात (आमचे तरी सुटतात).

पहिलं गाणं मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं घ्या, ते १९१९ मध्ये गेले त्यामुळे शब्दांचा कॉपीराइट संपलाय, चाल मात्र स्वतःची लावा. डिस्टॉर्शन (गिटारचा तो घरघरीत आवाज) फक्त कोरसमध्ये ठेवा, शब्द ऐकू आले नाहीत तर चर्चमधल्या मावश्या सोडत नाहीत.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो, गाणारा जवळ, गिटारचा अँप (स्पीकर) लांब गादीकडे तोंड करून, आणि कुकर आधीच बंद करा.