मे महिन्यात इंदूरला चॉकलेट केक करायचाय? मग फ्रॉस्टिंग असं करा

लेकीचा वाढदिवस मे मधला, आणि तेव्हा आमच्या इंदूरला पारा ४० च्या वर, त्यामुळे बटर न् आयसिंग शुगरचं फ्रॉस्टिंग मी आता करतच नाही, बटर ३२-३५ डिग्रीला वितळायला लागतं मग ते केकवर टिकणार कसं! गनाश करा, म्हणजे चॉकलेट न् क्रीमचं मिश्रण, तेही घट्ट.

आधी केक. बिनअंड्याचा, एकदम सोपा. दीड कप मैदा, पाव कपाला थोडा वर कोको (ड्रिंकिंग चॉकलेट नको हं, त्यात साखर असते), एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, सगळं दोनदा चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात एक कप साखर, एक कप कोमट काळी कॉफी, पाव कपाच्या वर जरासं तेल, थोडं व्हॅनिला. कॉफीची चव येत नाही, कोकोची मात्र खुलते. दोन्ही एकत्र करून शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर घाला, लगेच बारीक बुडबुडे दिसतील, आणि ते दिसले की फेटत बसू नका, तेच बुडबुडे केक फुगवतात, सरळ ८ इंचाच्या ग्रीस केलेल्या टिनमध्ये ओता आणि तापलेल्या ओव्हनमध्ये १८० वर ३०-३५ मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरची रिंग न् शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून त्यावर स्टँड, १० मिनिटं तापवून मग मंद आचेवर ४५ मिनिटं तरी. टूथपिक कोरडी निघाली की झाला.

आता थांबायचं. दोन तास तरी. मागच्या वर्षी मी घाई केली, केक आतून गरम होता, सगळं गनाश घसरून खाली आलं, लेकीचा चेहरा अजून आठवतो.

गनाशला २०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट बारीक चिरा, १०० ग्रॅम फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच गरम करा, उकळू नका, आणि चॉकलेटवर ओता. दोन मिनिटं हात लावू नका. मग मधूनच हळूहळू गोल ढवळत बाहेर या, आधी फाटल्यासारखं दिसेल पण एकदम चकाकी येते. चमच्यावरून पडायला आळस करेल इतकं गार झालं की लावा. पातळ थर, १५ मिनिटं फ्रिज, मग दुसरा जाड थर.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक वेळी. आणि प्लेटमध्ये बाजूला लौंग शेव हवीच, आमच्याकडे गोडासोबत नमकीन नसलं तर पाहुणे विचारतात.